दोराला हात

मोहोळच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकड्रायव्हरने मला एकदा एक साधे काम सांगितले होते आणि मी त्याला तीन शब्दांत नकार दिला होता. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. २०१८ सालचा जुलै महिना, तारीख २१, शनिवार. मालवाहतूकदारांच्या देशव्यापी चक्काजामचा तो दुसरा दिवस. तेव्हापासून दर पावसाळ्यात, पहिली जोराची सर आली आणि कुणाच्या तरी पत्र्यावर किंवा ताडपत्रीवर पाणी वाजू लागले, की ते तीन शब्द मला माझ्याच आवाजात ऐकू येतात. ते फार कठोर नव्हते. रोज कुणी ना कुणी कुणाला तरी तसे म्हणत असते. पण मी ते ज्या जागी उभी राहून आणि ज्या माणसाला म्हटले, त्यामुळे ते माझ्याजवळच राहिले.

आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो. सोलापूरच्या माणसाला पाऊस पाहायचा तर गाव सोडून जावे लागते. जुलैत आमच्याकडे आभाळ भरून येते, वारा सुटतो, धुरळा उडतो आणि ढग तसेच पुढे निघून जातात. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि डोंगरावरून कोसळणारे पाणी तिने फक्त चित्रात पाहिले होते. शनिवार-रविवारला जोडून सोमवारी आषाढी एकादशी आली होती, त्यामुळे सलग तीन दिवस हाती होते. एरवी पंढरपूर-म्हसवडवरून गेलो असतो, पण वारीच्या दिवसांत त्या रस्त्याला गाडी घालणे बरे नव्हे, म्हणून टेंभुर्णी-इंदापूरवरून बारामती, फलटण असे जायचे ठरवले. पहाटे उठून धपाटे केले, कडक भाकरीचा चुरा होऊ नये म्हणून ती डब्यात उभी रचली, शेंगांच्या चटणीची पुडी वेगळी बांधली. संपाची बातमी आदल्या दिवशी सगळ्यांनी वाचली होतीच. ट्रक बंद आहेत म्हणजे रस्ता मोकळाच मिळेल, असे नवरा म्हणाला आणि मलाही ते पटले. ट्रक बंद म्हणजे काय, हे ज्या घरात मी लहानपणापासून पाहिले होते, त्याच घरातून आम्ही निघत होतो, तरीही पटले.

सावळेश्वरचा टोलनाका ओलांडला आणि काही किलोमीटरवर गाड्यांची रांग लागली. पुढे संपातली माणसे मालाच्या गाड्या थांबवून कडेला लावायला सांगत होती आणि त्या घोळात एक लांब कंटेनर वळताना रस्त्यातच आडवा अडकला होता. दिंड्यांचे सामान नेणारे, भगव्या पताका लावलेले ट्रक तेवढे लोक हात जोडून, वाट करून पुढे काढून देत होते. एका ट्रकच्या हौद्यात मोठमोठी पातेली आणि गुंडाळलेल्या राहुट्या होत्या आणि त्यांच्यावर बसलेली एक म्हातारी सगळ्या रांगेकडे शांतपणे पाहत गेली. बाकी आम्ही सगळे उभे. डाव्या हाताला कडेने ट्रकच ट्रक. मुलीने मोजायला सुरुवात केली आणि दिसतील तेवढे एकेचाळीस मोजून कंटाळली. ओल्या मातीचा, डिझेलचा, कुणाच्या तरी स्टोव्हवर फुटणाऱ्या फोडणीचा असा मिळून एक वास खिडकीतून येत होता. पहिल्या अर्ध्या तासात लोक खाली उतरून एकमेकांशी बोलत होते. तासाभराने प्रत्येक जण आपापल्या गाडीत बसून राहिला आणि चेहरे घट्ट झाले. महाबळेश्वरच्या खोलीचे पैसे आम्ही आधीच भरले होते. मी तो आकडा मनात पुन्हा पुन्हा घोळवत होते आणि जितका घोळवावा तितका माझा राग त्या उभ्या ट्रकांकडे वळत होता.

मग पाऊस आला. मोहोळच्या माळावर, जिथे त्याची कुणी वाट पाहत नव्हते तिथे, एकदम तिरका आणि दणदणीत. आमच्या शेजारच्या ट्रकची ताडपत्री डाव्या बाजूने सुटली होती आणि वाऱ्याने तिचे टोक फडाफडा आपटत होते. आत पांढऱ्या गोणपाटात शिवलेल्या गाठी दिसत होत्या. पन्नाशीचा ड्रायव्हर केबिनमधून उतरला, दोर हातात घेऊन त्याने दोनदा ओढून पाहिला, पण टोक जागेवर येईना. एकाने वर चढून ताडपत्री दाबून धरायची आणि दुसऱ्याने खालून दोर ओढून हुकात अडकवायचा, असे ते दोघांचे काम असते. तो आमच्या खिडकीशी आला. डोक्यावरचे पाणी हाताने निपटून तो म्हणाला, "ताई, साहेबांना जरा दोराला हात लावाय सांगता का? पोरगं पंढरीला गेलंय. एकट्याच्यानं वढंना झालंय. टावेल हाय, भिजंल."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. त्याचा हात दाराच्या कडीकडे गेला होता, हे मला आजही आठवते.

मी म्हणाले, "आम्हाला उशीर होतोय."

तो "बरं ताई" म्हणाला आणि गेला. त्याने वाद घातला नाही की आमच्या पुढे आडव्या उभ्या असलेल्या कंटेनरकडे बोट दाखवले नाही. मागच्या सीटवर मुलीने महाबळेश्वरसाठी घेतलेला पिवळा रेनकोट केव्हाच अंगात चढवला होता. ती म्हणाली, "आई, मी जाऊ? मी धरते दोर." मी तिला गप्प बसायला सांगितले. बाहेर त्या माणसाने टायरला पाय लावला, दोराचा फास मनगटाभोवती गुंडाळला आणि सगळे अंग मागे टाकून ओढत राहिला. एकदा दोर सुटून तो मागे आपटला. पुन्हा उठला. कितीतरी वेळाने टोक कसेबसे हुकात बसले. तोपर्यंत सर ओसरली होती. आमची गाडी त्यानंतरही चाळीस मिनिटे जागची हलली नाही.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बुकिंग क्लार्कचे काम केले. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. मार्केट यार्डापासून फार लांब नसलेली ती एक लांबट, काळवंडलेली खोली होती. पुढे लाकडी काउंटर, मागे गोदाम. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जात असे. डबा खाऊन होईपर्यंत मला बिल्टीबुकात, म्हणजे मालाच्या पावत्यांच्या वहीत, कार्बन घालायचे काम मिळे. चार प्रती, तीन कार्बन, निळी बाजू खाली. माल पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नग किती, वजन किती, भाडे भरले की द्यायचे, हे अप्पा इतक्या सुबक अक्षरात लिहीत की चौथ्या प्रतीवरही वाचता यावे. चादरींच्या गाठींना रंगाचा आणि खळीचा वास असे, टॉवेलच्या गाठींना कोरड्या सुताचा, कांद्याच्या गोण्यांचा वास लांबूनच कळे आणि मिरचीची पोती उतरत असली की सगळी कचेरी शिंकत असे. सोलापूरच्या मागांवर जे विणले जाते ते सोलापुरात राहत नाही. मागांचा खडखडाट थांबला की लगेच दुसरा आवाज सुरू होतो, तो हमालांचा, फाळका पडल्याचा, इंजिनांचा. पुणे, हैदराबाद, विजापूर, धुळे अशा सगळ्या दिशांना इथून रस्ते फुटतात आणि त्या रस्त्यांवर आमचे घर चालले.

त्या कचेरीत ज्याची सगळ्यांना भीती वाटे ती गोष्ट चोरी किंवा अपघात नव्हती. ती होती भिजलेला माल. अपघाताचा विमा असतो, पोलीस असतात. भिजलेल्या गाठीला कुणी नसते. घेणारा व्यापारी पोचेवर सही करताना बाजूला दोनच शब्द लिहितो, 'माल भिजला', आणि त्या दोन शब्दांनी उरलेले भाडे कापले जाते. मालक ते ड्रायव्हरच्या भत्त्यातून काढतो, कारण ताडपत्री ही ड्रायव्हरची जबाबदारी. अशी एक पोच आली त्या दिवशी मी तिथे होते. पायरीवर एक तरुण ड्रायव्हर डोके धरून बसला होता आणि अप्पा, ज्यांनी ती बिल्टी लिहिली होती, ते त्याच्याशेजारी जाऊन नुसतेच बसले. बोलले काही नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडून डबा मागून घेतला आणि भाकरीचा अर्धा भाग त्याच्या हातावर ठेवला.

घरी पहिला पाऊस आला की आई खिडक्या उघडायची, आम्ही पोरे अंगणात धावायचो. अप्पा घड्याळाकडे पाहायचे.

रात्री-अपरात्री पाऊस आला तरी ते उठून बसत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजू लागत. साडेनवाला सुटली म्हणजे आता इंदापूर गेले असेल. दुसरी भिगवणला चहाला थांबली असेल. तिसरीची ताडपत्री जुनी आहे. आम्हाला ते झोपेत ऐकू येत असे आणि त्यात विशेष काही वाटत नसे. पाऊस म्हणजे मातीचा वास, पाऊस म्हणजे शाळेला उशीर, तसाच पाऊस म्हणजे अप्पांचे हे मोजणे. त्यांच्या स्वतःच्या मालकीचा एकही ट्रक कधी नव्हता. तरीही रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीत आपल्या अक्षरातला एक कागद आहे, याची त्यांना जाणीव होती आणि तेवढ्या कागदावर ते जागे राहत असत.

डिझेलच्या भावाचे गणितही मला पुस्तकातून कळले नाही, त्या काउंटरवर कळले. माल भरताना भाडे ठरते, थोडा अॅडव्हान्स मिळतो आणि बाकीचे पोच आल्यावर. म्हणजे भाड्याचा आकडा खेप सुरू होण्याआधीच बांधलेला असतो. भरलेला दहाचाकी ट्रक लिटरला चार किलोमीटरच्या आसपास जातो. सोलापूरहून भिवंडी धरली तर अंतर चारशेच्या घरात, म्हणजे शंभर लिटर. डिझेल एका रुपयाने चढले की एका खेपेचे शंभर रुपये जातात आणि ते भाड्यात मागून घेता येत नाहीत. पूर्वी भाव वाढले तर ती तारीख लोकांच्या लक्षात राहत असे. १६ जून २०१७ पासून ते रोज सकाळी सहा वाजता बदलू लागले. संध्याकाळी ठरलेल्या भाड्याची गाडी सकाळी पंपावर जाई तेव्हा हिशेब बदललेला असे. २०१८ च्या त्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात डिझेलने सत्तरी ओलांडली होती. (पुढे ते नव्वदीपलीकडेही गेले.) शिवाय आपल्या जिल्ह्याला लागून कर्नाटक. विजापूर रस्त्याने भीमेचा पूल ओलांडला की तेच डिझेल तेव्हा काही रुपयांनी स्वस्त मिळे, कारण तिथला राज्याचा कर वेगळा. अप्पांच्या ओळखीचे कितीतरी ड्रायव्हर तिकडची खेप असली की टाकी भरून घेत. एकाच रस्त्यावर, एकाच नदीच्या दोन काठांवर दोन भाव का, हा प्रश्न त्यांना कुणी शिकवावा लागला नाही.

म्हणून त्या संपाच्या मागण्या मला समजत होत्या. डिझेल जीएसटीत आणा, देशभर एकच भाव ठेवा, तो रोज न बदलता तीन महिन्यांनी बदला, टोलनाक्यांवरचे थांबणे संपवा, विम्याचा हप्ता कसा वाढतो ते उघड करा. यातली तीन महिन्यांची मागणी तर मला आजही अगदी रास्त वाटते. ज्याचे उत्पन्न आधी ठरते त्याचा खर्चही काही काळ तरी स्थिर असावा, एवढेच ती सांगते. इंधनावरचा कर केंद्रालाही हवा असतो आणि राज्यांनाही, म्हणून ते जीएसटीबाहेर राहिले, हेही कळते. दुसऱ्याची चालती गाडी हात आडवा करून थांबवणे मात्र मला पटत नाही. कारण थांबवला गेलेला बहुतेक वेळा तोच असतो, ज्याच्या नावाने संप पुकारलेला असतो. मालक गावात असतो, पुढारी दिल्लीत बोलणी करत असतात आणि रस्त्याच्या कडेला, पावसात, क्लीनरशिवाय उभा असतो तो महिन्याच्या पगारावरचा, खेपेच्या भत्त्यावरचा ड्रायव्हर. त्याच्याजवळच्या ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीत लागणाऱ्या कागदाची, मुदत तेव्हा शंभर किलोमीटरला एक दिवस अशी धरली जात असे. म्हणजे गाडी उभी राहिली तरी कागद मात्र पुढे सरकत राहतो. माल भिजण्याची भीती आणि मुदत सरण्याची भीती घेऊन तो तिथे डाळीला फोडणी देत बसलेला असतो. हे सगळे मला ठाऊक होते. खिडकीची काच खाली करून बोलत असताना मला हे सगळे ठाऊक होते.

अप्पांच्या नोकरीतला एक संप मला फार जवळून आठवतो. २००९ चा जानेवारी, ५ तारखेला गाड्या थांबल्या आणि १२ तारखेपर्यंत थांबल्या. डिझेल १० रुपयांनी उतरवा, ही तेव्हाची मोठी मागणी होती. त्याच आठवड्यात तेल कंपन्यांचे अधिकारीही संपावर गेले होते आणि पंपांवर कोरड्या नळ्या लटकत होत्या. गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली. मी यात्रेसाठी पुण्याहून घरी आले होते. एरवी या दिवसांत अप्पा रात्री दहाच्या आत घरी येत नसत. त्या आठ दिवसांत ते रोज सकाळी नेहमीच्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत जात, काउंटर पुसत, गोदामाच्या कुलपात तेल सोडत आणि दुपारी परत येत. काही लिहायचे नसतानाही खिशाला पेन लावलेले असे. मी एकदा विचारले की कशाला जाता, तर म्हणाले, "कुणी ड्रायव्हर आला तर त्याला बसायला कचेरी उघडी पाहिजे." संप आश्वासनावर मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर पहिला ट्रक गेला, तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवून तो आवाज दूर जाईपर्यंत ऐकला. त्या महिन्याच्या शेवटी डिझेल २ रुपयांनी उतरले.

महाबळेश्वरला आम्ही रात्री उशिरा पोहोचलो. पाऊस होता, हवा तेवढा होता, त्याहूनही जास्त. दोन दिवस धुक्याने समोरचे झाडसुद्धा दिसू दिले नाही. मुलगी रेनकोट घालून दिवसभर व्हरांड्यात उभी राहिली. मी तिच्याबरोबर भिजले, गरम कणसे खाल्ली, फोटो काढले. सुट्टी चांगली गेली, हे खरेच आहे. पण रात्री खोलीच्या पत्र्यावर पाऊस वाजू लागला की मला झोप येईना आणि मी घड्याळ पाहू लागले. कुठली गाडी कुठे असेल ते मोजायला माझ्याकडे काही नव्हते. होती ती एकच गाडी आणि ती कुठे आहे ते मला माहीत होते.

सोमवारी, एकादशीच्या दिवशी, परत फिरलो. येताना मोहोळ गेल्यावर मी नवऱ्याला गाडी सावकाश चालवायला सांगितले. आम्ही आता सोलापूरकडे जाणाऱ्या बाजूला होतो, मध्ये दुभाजक आणि त्यावर लावलेली कण्हेर. पलीकडे ट्रकांची रांग तशीच होती, कदाचित शनिवारपेक्षाही लांब. हौद्यांखाली सावलीत माणसे झोपली होती. दोन ट्रकांच्या मध्ये दोरी बांधून कुणी कपडे वाळत घातले होते. निळी ताडपत्री असलेल्या गाड्याच इतक्या होत्या की त्याची कोणती ते मला कळेना. मी नंबर पाहिला नव्हता. मी त्याचा चेहराही नीट पाहिला नव्हता, फक्त निपटलेले पाणी आणि मनगटाभोवती गुंडाळलेला दोर पाहिला होता. मुलगी मात्र म्हणाली, "आई, तो बघ, तो आपला." मी विचारले, कशावरून? ती म्हणाली, "त्याचं एक टोक वाकडं बांधलंय." तोवर आम्ही पुढे आलो होतो. संप त्यानंतरही चार दिवस चालला. शुक्रवारी, २७ तारखेला रात्री, आश्वासनावर मिटला.

सोमवारी रात्री अप्पा ओसरीवर खाटेवर बसले होते. मुलीने त्यांना धुके सांगितले, कणसे सांगितली आणि मग, मी सांगणार नव्हते ते, दोराचेही सांगितले. मुले सांगतात तसे, कुणाला दोष न देता, जसे झाले तसे. आई उशीर होतोय म्हणाली, मग काका एकटेच ओढत होते, मग ते पडले. मी चपला काढत दारातच उभी राहिले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी विचारले, "माल काय होता?"

"टॉवेल."

"सुटली होती कुठली बाजू?"

"डावी."

ते थोडे थांबले. तोंड पुण्याकडे असलेला ट्रक, मोहोळच्या अलीकडचा रस्ता, सगळे त्यांनी मनात मांडून घेतले असावे. "डावी म्हणजे नैर्ऋत्येची," ते म्हणाले. "पाऊस तिकडूनच येतो. वरची गाठ वाचली असेल. पाणी कडेनं उतरून खालच्या थरात जातं." मग बराच वेळ काही नाही. आत नवरा सामान ठेवत होता. मला वाटले, आता ते मला काही म्हणतील आणि म्हटले तर बरे होईल.

बाहेर पावसाचे चार थेंब पडले. अप्पांनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मग, गाडी उभीच आहे हे लक्षात आल्यासारखी, नजर काढून घेतली.